मारफीचा डॉक्टर

रामाजी खलाशी विचारल्याशिवाय बोलायचा नाही, आणि विचारलं तरी दोन-चार शब्दांच्या पुढे जायचा नाही. आमच्या कॅम्प-एकमध्ये, म्हणजे कामगारांच्या वस्तीत, हा गुण आहे असं कोणालाच वाटायचं नाही. भिलाईचा कारखाना उभा राहत होता ते दिवस. ज्याला त्याला आपण काय काय उभारलं ते सांगायची घाई. चहाच्या टपरीवर कान दिला तर एकच भट्टी सतरा जणांनी एकेकट्यानं उभी केलेली असायची. रामाजी मात्र, समुद्रावरचा नाही, जड लोखंड चढवणारा खलाशी, दिवसभर वीस-वीस टनांचे गर्डर हाताच्या इशाऱ्यावर जागी बसवून यायचा, बशीत चहा ओतायचा आणि गप्प बसायचा. तुमसरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, वय चाळिशीच्या आसपास, एकटा. आधी काय करत होता असं विचारलं की म्हणायचा, "नागपूरले दवाखान्यात होतो." आम्ही समजायचो, झाडझूड करत असेल.

मी तेव्हा भिलाई स्टेशनात मालबाबू होतो, आणि स्वभावानं रामाजीच्या अगदी उलटा. माझी बायको म्हणायची, यांच्या तोंडाला सिग्नलच नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या गोष्टीत माझ्या बडबडीनं एक जीव घालवला आणि दुसरा वाचवला. दोन्ही वेळा मला काही कळत नव्हतं.

गोष्ट सिंधुताईची आहे. तिचा नवरा गुलाब आमच्याच रेल्वेत गँगमन होता; तो वारला तेव्हापासून मी तिला बहीण मानलं. एकुलती मुलगी गोंदियाला दिलेली. सिंधुताई कारखान्यावर आलेल्या रशियन साहेबांच्या बंगल्यांत काम करायची. तिची बाई गालिना नावाची, इंजिनिअरची बायको. दोघींची भाषा म्हणजे थोडी हिंदी, थोडे हातवारे, बाकी हसणं. पण जमायचं चांगलं.

त्रेसष्ट सालच्या चैत्रात गालिनाची आई तिकडे आजारी पडली. ती निघाली आणि जाताना एक लाकडी पेटी सिंधुताईच्या स्वाधीन करून गेली. पेटीत दोन प्राणी. ना शेपूट, ना धड मान, सशाएवढंही नाही आणि उंदराहून मोठं, गुबगुबीत. नर तांबडा, त्याचं नाव फेद्या. मादी काळी-पांढरी, तिचं नाव मार्फा. सिंधुताईनं घरी नेईपर्यंत तिची मारफी झाली. गालिना म्हणाली होती, "सिंधु, दसरा मैं आती. ये मेरा बच्चा." सिंधुताईनं शब्द दिला.

कॅम्पात त्यांना सगळे 'रशियन ससे' म्हणू लागले. पोरंसोरं बघायला यायची. आठ दिवसांतच ते दोघं सिंधुताईचं पाऊल ओळखायला लागले. ती फाटकात आली की पेटीतून बारीक, लांब शिट्ट्या सुरू. नवरा गेल्यापासून त्या घरात तिची वाट पाहणारं कोणी नव्हतं. एकदा ती मला म्हणाली, "विजयबाबू, मी आली म्हून खुश होनारं कोनीतरी आहे म्हना अजून." मी थट्टा केली, पण मला बरं वाटलं होतं.

सिंधुताई भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याची लेक. गाईगुरांतच वाढलेली. तिनं त्या दोघांचा सांभाळ अगदी उत्तम बैलजोडीसारखा केला. म्हणजे निवडलेलं कुटार, तो तुरी-हरभऱ्याचा भुसा, भिजवलेले हरभरे आणि सरकीची ढेप. हिरवं मात्र एक पानही नाही. "कोवळं हिरवं खाल्लं का जनावर हगते," हे तिच्या बापानं तिला शिकवलेलं, आणि गुरांच्या बाबतीत त्यात खोटं काही नव्हतं. कोथिंबिरीच्या काड्या टाकायला आलेल्या पोरांना तिनं झाडूनं हाकललं. त्या पोरांचं ऐकलं असतं तर ही गोष्टच झाली नसती.

वैशाख संपता संपता दोघं बसकी झाली. मागचे पाय ओढू लागली. उचललं की किंचाळायची. केस राठ झाले. शिट्ट्या बंद पडल्या. सिंधुताईच्या तोंडचं पाणी पळालं.

इथे मी मध्ये पडलो. मला म्हणे शेजारच्या दुर्ग शहरातला एक जनावरांचा डॉक्टर माहीत होता. माहीत काय, एका व्यापाऱ्यानं त्याच्या म्हशीबद्दल सांगितलेलं ऐकलं होतं. पण मी असा रुबाब केला की जणू तो माझा मावसभाऊ. पॅसेंजरनं जायचं ठरलं. आता गाडीत जनावर न्यायचं तर नोंद पाहिजे, आणि आमच्या पुस्तकात कुत्रं होतं, मेंढी होती, मधमाश्यासुद्धा होत्या, पण हे नव्हतं. मी लिहिलं, 'कोंबड्या, नग दोन.' गार्डानं टोपलीत डोकावून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

डॉक्टर मोठा झोकदार. सिंधुताईनं भीत भीत विचारलं, "सायेब, आधी असे पायले का तुमी?" तो हसला. "अरे बाई, ऐसे सैकड़ों किए हैं. सब ठीक हो जाते हैं." मग त्यानं त्या काळचं सगळ्यात नावाजलेलं औषध काढलं, पेनिसिलिन. आधी फेद्याला टोचलं. मारफीला टोचायचं तर सुई वाकली, दुसरी सुई उकळायला ठेवली, आणि तेवढ्यात आमच्या परतीच्या गाडीची वेळ झाली. डॉक्टर म्हणाला, हिला पुढच्या आठवड्यात आणा. गाडी चुकेल म्हणून मीच घाई केली. एवढी एकच गोष्ट मी त्या दिवशी बरी केली.

फेद्याला दुसऱ्या दिवशी हगवण लागली. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला. सिंधुताईनं परसात मुनग्याच्या झाडाखाली खड्डा केला आणि त्याला पुरला. मुनगा म्हणजे आपला शेवगा. छत्तीसगडात ज्या घरी मुनगा नाही ते घरच नाही. ती मला एक अक्षर बोलली नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग कवडू आला. तो कॅम्पातल्या बैलगाडीवाल्यांची जनावरं डागायचा. मारफीचे पाय दाबून म्हणाला, "मांगचे पाय गेले म्हंजे डागाशिवाय इलाज नाही. बैलाले लागू पडते, हे तं बोटभर हाय." त्यानं सळई तापवायला घेतलीसुद्धा. सिंधुताईनं त्याला विचारलं, "याच्या आंधी कोन्या अशा जनावराले डागलं का?" कवडू म्हणाला, "नाही, पन जनावर जनावरच असते." तिनं चुलीतली सळई ओढून बाहेर फेकली. त्या दिवसापासून तिनं ठरवलं, आता जो कोणी येईल त्याला तीन प्रश्न विचारायचे. असं जनावर हाताळलं का? किती? त्यातली किती जगली?

आणि मी? मी टपरीवर बसून हीच हकिगत रंगवून सांगत होतो. कोंबड्या नग दोन, वाकलेली सुई, कवडूची सळई. माणसं पोट धरून हसत होती. मीही हसत होतो, कारण न हसता सांगितलं असतं तर माझीच चूक मला ऐकू आली असती. कोपऱ्यात रामाजी बशी फुंकत होता. त्यानं बशी खाली ठेवली.

"बाबू, कोनतं इंजेक्शन देल्लं?"

त्यानं आपण होऊन काही विचारलं हेच नवल. मी सांगितलं, पेनिसिलिन.

"मंग चौथ्या-पाचव्या दिवशी मेला असन. हगून हगून."

मी म्हटलं, तुला काय माहीत? तो म्हणाला, "दुसरं कुटी हाय?"

आम्ही तसेच सिंधुताईकडे गेलो. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं. मारफी टोपलीत फडक्यावर पडून होती. रामाजीनं हात धुतले, पुसले आणि तिला उचललं. एक तळहात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच मारफी उचलल्यावर किंचाळली नाही. गर्डर पेलणारे ते हात एवढे हलके असतील असं मला वाटलं नव्हतं. त्यानं ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. तिथे रक्त होतं. गुडघे चाचपले. मग जांघेत दोन बोटं घालून बराच वेळ काही तरी शोधलं, नाही सापडलं, आणि त्याचा चेहरा सैल झाला.

"हे गिनीपिग होय," तो म्हणाला. नाव आम्हाला तेव्हा कळलं.

सिंधुताईनं आपला पहिला प्रश्न टाकला. "असं जनावर आंधी हाताळलं का तुमी?"

"हो."

"किती?"

रामाजीनं मनात हिशेब केला. "दोन हजार तं असतीनच. जास्तच असतीन."

सिंधुताईचे डोळे चमकले. माझेसुद्धा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं, एवढा जाणता माणूस चार घरं पलीकडे आणि आम्ही दुर्गाला गेलो. तिनं तिसरा प्रश्न विचारला. "त्यातले किती जगले?"

रामाजीनं मारफीला टोपलीत ठेवलं. मग म्हणाला, "एकबी नाही."

मला वाटलं, हा माणूस वेडा आहे. खोटं बोलायला एवढी सोपी जागा! 'पुष्कळ जगले' म्हटलं असतं तर कोण नागपूरला जाऊन मोजणार होतं?

सिंधुताईनं टोपली आपल्याकडे ओढली. "म्हंजे?"

मग रामाजी बोलला. एवढं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. बारा वर्षं तो नागपूरला क्षयरोग तपासायच्या एका लॅबमध्ये होता. तिथे शे-दोनशे गिनीपिग पाळलेले असत, आणि ते सांभाळायचं काम त्याचं. ज्या माणसाच्या थुंकीत रोग आहे की नाही हे नीट कळत नसे, त्याची थुंकी गिनीपिगच्या मांडीत टोचायची. सहा आठवडे थांबायचं. जांघेत गाठी आल्या की समजायचं, माणसाला क्षय आहे. मग त्या जनावराला मारून, चिरून पाहायचं. गाठी नाही आल्या तरी चिरायचंच.

"चिराले धरून मीच देत होतो," तो म्हणाला. "त्यायले तब्येतीनं एकदम बेस ठेवा लागे. आंधीच बिमार असन तं तपासनी खोटी होते. म्हून मले सारं शिकवलं. काय खाते, कायनं मरते. पेनिसिलिननं एक डाव एका हप्त्यात चाळीस मेले, तवापासून ते बंद. याले काही रोग नाही बाई. याच्या पोटात हिरवं नाही. मानसाले जे लिंबा-आवळ्यातून भेटते, ते याले हिरव्यातून भेटते; नाही भेटलं का हिरड्या आन पाय जातेत."

सिंधुताईनं टोपलीवर पदर धरला. मग म्हणाली, "दोन हजार मारले तुमी."

"हो."

"घरी जा."

तो उठला. चप्पल घातली. उंबऱ्यावरून परसाकडे हात केला. "त्या मुनग्याचा पाला द्या. कोवळा, बारीक करून. लिंबाचे चार थेंब पान्यात. मी हात नाही लावत. तुमीच द्या." आणि गेला.

मी तिला खूप समजावलं असं सांगायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मी गप्प होतो. एकदा तोंड पोळलं होतं. सिंधुताई संध्याकाळपर्यंत टोपली मांडीवर घेऊन बसली. हिरवं दिलं तर हगवण लागेल, फेद्यासारखं होईल, ही धास्ती. नाही दिलं तर पाय जातच होते, मारफीनं दोन दिवस हरभऱ्याला तोंड लावलं नव्हतं. गालिनाला दिलेला शब्द अर्धा मोडलाच होता. उरलेला अर्धा टोपलीत धापा टाकत होता.

दिवेलागणीच्या आधी ती उठली आणि मुनग्याची फांदी वाकवून पाला ओरबाडू लागली. मी विचारलं, "ताई, पटलं का तुला?"

"दुर्गाचा डाक्टर म्हने, सैकड़ों केले, सारे चांगले होतेत," ती म्हणाली. "आन हा म्हनते, एकबी नाही जगला. विजयबाबू, जो मानूस एवढी वंगाळ गोष्ट तोंडावर खरी सांगते, तो पाल्याबद्दल खोटं कायले सांगन?"

माझ्या उभ्या आयुष्यात डॉक्टर पारखायची याहून चांगली रीत मी ऐकली नाही. पुढे माझ्या घरच्या दुखण्यांतही मी तीच वापरली.

पहिल्या दिवशी मारफीनं दोन पानं चघळली. दुसऱ्या दिवशी मूठभर. हगवण लागली नाही. पाचव्या दिवशी ती चार पावलं चालली. सिंधुताईनं मला स्टेशनावर निरोप पाठवला, रामाजीभाऊला घेऊन या म्हणून. तो यायला तयार नव्हता. "चांगली होऊन राहिली ना? मंग माहं काय काम?" मी त्याला जवळजवळ ओढतच नेलं.

सिंधुताईनं त्याला पाट दिला, पाणी दिलं. म्हणाली, "भाऊ, मी तुमाले घरातून काहाडलं. माफी करा." त्यानं नुसती मान हलवली. तो टोपलीशी गेला आणि तेवढ्यात मारफीनं शिट्टी मारली. बारीक, लांब, पहिल्यासारखी. सिंधुताईच्या डोळ्यांत पाणी आलं. रामाजी मात्र टोपलीशीच खाली बसला.

मग म्हणाला, "तिथं मी दार उघडलं का सारे असेच शिट्ट्या मारत. चारा आला म्हून. ज्या दिवशी चिराचे रायत ना बाबू, त्याबी दिवशी मारत. मानसायले लवकर दवाई भेटली, लोकं वाचले, हे मले समजते. काम खोटं नोतं. पन ते शिट्टी ऐकू आली का मले जेवन जात नोतं. म्हून इकडं लोखंडात आलो. लोखंड आवाज करते, पन वळखत नाही."

त्या दिवसानंतर कॅम्पात रामाजी 'डॉक्टर' झाला. कोणी बकरी आणली, कोणी पोपट. तो सरळ सांगायचा, हे मले येत नाही. लोक नाराज व्हायचे. सिंधुताई म्हणायची, येत नाही म्हणणारा एवढा एकच डॉक्टर आहे, जपा त्याला.

दसऱ्याला गालिना आली. फेद्याचं ऐकून रडली. मारफी तिच्या हातात न थांबता सिंधुताईच्या पदरात जाऊन बसली, ते पाहून हसली. पुढच्या वर्षी नवऱ्याचं काम संपलं, ते कायमचे मायदेशी गेले. मारफी मागे राहिली, गालिनानंच ठेवली. रामाजी दर रविवारी यायचा. हिरड्या, गुडघे, दात, आणि शेवटी जांघेत दोन बोटं. तिथे काही सापडणार नाही हे त्यालाही माहीत होतं. सवय.

अशी पाच वर्षं गेली. अडुसष्ट सालच्या थंडीत एका रविवारी आम्ही तिघं अंगणात उन्हाला बसलो होतो. मारफी हल्ली फार झोपायची. अंगानं उतरली होती, एका डोळ्यात सायीसारखं पांढरं आलं होतं, शिट्टी हवेसारखी निघायची. सिंधुताईनं विचारलं, "भाऊ, काय झालं असन इले? पाला तं रोज खाते."

रामाजीनं तिला उचललं. एक तळहात छातीखाली, एक मागे. त्यानं सगळं पाहिलं, दोनदा पाहिलं. एरवी त्याला दोन मिनिटं लागायची, त्या दिवशी अर्धा तास लागला. मग त्यानं मारफीला मांडीवरच ठेवलं.

"सांगा ना," सिंधुताई म्हणाली.

"मले नाही समजून राहिलं," रामाजी म्हणाला. "रोग काही दिसत नाही. म्हातारी झाली असन. पन म्हातारी झाल्यावर यायले काय होते, काय द्या लागते, मले नाही मालूम." तो मारफीच्या पाठीवरून बोट फिरवत होता. "सिंधुबाई, मी म्हातारं झालेलं एकबी पायलं नाही."

मग सिंधुताई म्हणाली, "मंग आता पाहून घ्या भाऊ."

त्यानंतर रामाजी रविवारची वाट पाहीनासा झाला. मारफी होती तोवर रोज पाळी सुटली की तो आधी तिकडे जायचा, परसातला मुनग्याचा पाला ओरबाडायचा, आणि तिला चावायला त्रास नको म्हणून बारीक करत बसायचा.